काका, त्या पन्नास पावलांसाठी

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार.

तुम्हाला फोनवर धन्यवाद म्हटलं की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. न्यू जर्सीत आपल्या घरांमधली बरीच मुलं हल्ली गोल्फ खेळतात. प्रत्येकाच्या आईबाबांना तुमच्यासारखं माणूस भेटेलच असं नाही.

आपली ओळख झाली तेव्हा लेक दहावीत होती आणि तुम्ही शनिवारी काउंटीच्या गोल्फ कोर्सवर मार्शल म्हणून, म्हणजे खेळ नीट चालतोय ना ते बघायला, उभे असायचात. तिला कॉलेजच्या गोल्फ टीममध्ये घ्यावं म्हणून त्या हिवाळ्यात आम्ही कोचना तीसेक ईमेल पाठवले होते. उत्तर जवळजवळ कुणाचंच नाही. पोरगी रात्री अंथरुणात रडायची. तुम्ही एका वाक्यात सांगितलंत, की डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळांतल्या सगळ्यांत वरच्या गटाच्या, कोचना दहावीचं वर्ष संपल्यावरच्या १५ जूनपर्यंत खेळाडूंना टीमसाठी पत्रं लिहायची, फोन करायची परवानगीच नाही. 'ते वाचतात गं, फक्त बोलू शकत नाहीत.' त्या रात्री घरात सगळेच नीट जेवलो.

मग तुम्ही ते ईमेल मागवून घेतलेत. पहिलाच शब्द होता 'माझी मुलगी'. तिचे बाबा लिहायचे आणि ती सही करायची. तुम्ही तिला विचारलंत, 'खेळणार कोण आहे?' आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिने तो ईमेल स्वतः सात वेळा लिहिला. विषयाच्या ओळीत नाव, बारावी कधी होणार ते वर्ष आणि सरासरी स्कोर. याच कॉलेजात का यायचंय, ते पहिल्या दोन ओळींत. पुढच्या स्पर्धांच्या तारखा, शाळेचे मार्क, आणि स्विंगचा काटछाट न केलेला व्हिडिओ, एकदा समोरून आणि एकदा मागून. प्रत्येक स्कोरपुढे कोर्स किती यार्डांचा होता तेही, कारण छोट्या कोर्सवरचे ७४ फटके आणि लांब कोर्सवरचे ७४ यांत फरक असतो. गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं, म्हणून पावसातले ८४ तिने गाळले होते, ते तुम्ही परत घालायला लावलेत. कोच ज्युनिअर गोल्फ स्कोरबोर्ड या मुलांच्या स्कोरच्या वेबसाइटवर बघणारच, मग आपणच सांगावं, असं तुमचं म्हणणं. मला तेव्हा ते पटलं नव्हतं. आता पटतं.

पण खरे आभार त्या जुलैच्या स्पर्धेबद्दल मानायचे आहेत. ऊन रणरणत होतं. मी छत्री, केळी, पाणी घेऊन तिच्या मागे मागे. चौदाव्या होलवर डबल बोगी, म्हणजे ठरलेल्यापेक्षा दोन फटके जास्त, झाला, मी धावत बाटली पुढे केली आणि 'मनगट सैल सोड' म्हणाले. ती माझ्यावर ओरडली आणि बॅग आपटली. झाडाखाली कॉलेजची टोपी घातलेल्या एक बाई उभ्या होत्या. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या ग्रुपकडे निघून गेल्या.

तुम्ही तिला रागावला नाहीत. संध्याकाळी तिला तिथेच नेऊन म्हणालात, 'दीडशे यार्डांवरून कोचला ऐकू काही येत नाही. तुझे खांदे दिसतात, तुझी चाल दिसते.' मग एक सवय लावलीत: हातमोजा काढला की तो होल संपला. पुढच्या टीवर, म्हणजे पुढचा होल जिथून सुरू होतो तिथे, पोचल्यावरच पुन्हा घालायचा. आणि त्यामागचं कारणही समजावलंत. कॉलेजच्या स्पर्धेत टीमच्या पाच जणी खेळतात आणि प्रत्येक फेरीत सगळ्यांत चांगल्या चौघींचे स्कोर धरतात. वाईट दिवशी ८२ होणार असताना जी ७८वर थांबते, तिच्यावर टीम तरते. म्हणून कोच चांगल्या शॉटपेक्षा त्याच्या नंतरची दहा मिनिटं बघतात.

मला मात्र तुम्ही बाजूला घेतलंत. 'अगं, कोच आई बघायला येत नाहीत. पन्नास पावलं मागे राहा.' काका, मला ते फार लागलं होतं. चार दिवस मी तुमच्याशी नीट बोलले नाही, त्याची माफी मागते. पुढच्या स्पर्धेत मी खरंच मागे राहिले. तिने स्वतः पाणी प्यायलं, बंकरमधली वाळू स्वतः रेकने नीट सारखी केली, सोबतच्या मुलीचा हरवलेला चेंडू उंच गवतात शोधायला सगळ्यांत आधी गेली. इतक्या वर्षांत मी माझ्या मुलीला खेळताना पहिल्यांदाच पाहिलं, असं वाटलं.

पुढे फोन आले तेव्हा स्पीकर लावायचा नाही, हाही तुमचाच नियम. हे दाराबाहेर येरझाऱ्या घालायचे. आत ती एका कोचला विचारत होती, 'तुमच्या टीममधल्या मुली पहाटे प्रॅक्टिस करून लॅबला वेळेवर पोचतात का?' तो प्रश्न आम्हा दोघांनाही सुचला नसता.

तिने निवडलेलं कॉलेज डिव्हिजन थ्रीचं आहे. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते. अभ्यासावर मिळालेल्या मदतीने आमचं भागतंय, आणि ती खूश आहे.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात ती निघेल. त्याआधीच्या रविवारी सकाळी साडेसहाला तिने तुमच्यासाठी नऊ होल ठरवले आहेत. तुमची बॅग तीच उचलणार म्हणते. मी क्लबहाउसच्या बाकावर बसेन, नंतरच्या पुरणपोळ्यांचा डबा घेऊन.

तुमची,
तिची आई