पित्तनलिकांच्या रुग्णाने मेल्ड स्कोअरची वाट पाहू नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत यकृत प्रत्यारोपणावर पानभर मजकूर आला, हे चांगले झाले. त्यातल्या चौकटीत मात्र 'प्रत्यारोपण नव्वद टक्के यशस्वी' आणि 'मेल्ड स्कोअर १५ च्या वर गेल्यावर विचार करावा' अशी दोन वाक्ये एकाखाली एक आहेत. (मेल्ड म्हणजे लिव्हर किती निकामी झाले ते सांगणारा आकडा.) दारूने किंवा कावीळ बी-सीने लिव्हर निकामी झालेल्यांसाठी ती ढोबळमानाने चालतील. ज्यांच्या पित्तनलिकाच आवळत जातात, त्यांनी दुसऱ्या वाक्यावर विसंबून घरी बसणे धोक्याचे आहे.

पीएससी, म्हणजे प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस, या आजारात नलिकांना सूज येऊन त्या जागोजागी आवळतात. एमआरसीपीच्या (पित्तनलिकांच्या एमआरआयच्या) फोटोत मण्यांची माळ ओवल्यासारखे दिसते. यातल्या अनेकांना आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिसही असतो. आजार थांबवणारे औषध अजून सिद्ध झालेले नाही. अर्सो (अर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल) जास्त दिले म्हणजे जास्त गुण येईल, हा समज तर उलटा ठरला: किलोमागे २८ ते ३० मिलिग्रॅमच्या डोसने रुग्णांचे नुकसानच झाल्याचे २००९ मध्ये दिसून आले. पीबीसी, म्हणजे प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस, हा नलिकांचा दुसरा आजार. तो मुख्यतः चाळिशीपुढच्या बायकांना होतो. खाज आणि थकवा आधी, कावीळ नंतर. तिथे हेच अर्सो किलोमागे १३ ते १५ मिलिग्रॅम उपयोगी पडते. ६० किलोच्या बाईला दिवसाला ८०० ते ९०० मिलिग्रॅम लागते आणि चिठ्ठीवर वर्षानुवर्षे ३०० ची एकच गोळी चालू असते, हे सर्रास दिसते.

आता मेल्ड. हा आकडा बिलिरुबिन (कावीळ किती ते), आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ) आणि क्रिएटिनिन (किडनीचे काम) यांवरून निघतो. पुढे त्यात सोडियमही आले. नलिकेत जंतुसंसर्ग होऊन थंडी वाजून ताप येतो, तो या गणितात नाही. रात्रभर झोपू न देणारी खाज नाही, आणि सहा महिन्यांत उतरलेले दहा किलो वजनही नाही. सहा महिन्यांत तीनदा कोलँजायटिसने, म्हणजे याच नलिकेच्या जंतुसंसर्गाने, दाखल झालेल्या माणसाचा स्कोअर ११ असू शकतो. दर खेपेला ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून नलिका मोकळी करणे), स्टेंट आणि अँटिबायोटिक होते आणि हळूहळू औषधांना न जुमानणारे जंतू नलिकांत घर करतात. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबली की हेच जंतू रक्तात उतरतात. म्हणून वारंवार ताप, ३ च्या वर टिकून राहिलेले बिलिरुबिन, औषधांनी न हटणारी खाज किंवा दंडा-मांड्यांचे मांस झडणे, यांपैकी एक जरी असले तरी प्रत्यारोपण केंद्राची पहिली भेट घ्यावी. भेट घेतली म्हणजे ऑपरेशन ठरले, असे नाही. हेपटायटिस बी, न्यूमोनियाच्या लशी, दातांची तपासणी, हाडांची डेक्सा (घनतेची तपासणी) ही कामे तेव्हापासून सुरू करता येतात. एमएमआर आणि कांजिण्यांसारख्या जिवंत जंतूंच्या लशी लागणार असतील तर त्या आधीच घ्याव्या लागतात, नंतर चालत नाहीत.

घाईचे दुसरे कारण नलिकेचा कॅन्सर. पीएससीच्या रुग्णांत त्याचा धोका बराच वाढतो आणि तो झाला की प्रत्यारोपणाचे दार बहुतेकांना बंद होते. वर्षातून एकदा एमआरसीपी व्हावी. सोबत सीए १९-९ ही कॅन्सरचा इशारा देणारी रक्ततपासणी करतात, पण तापाच्या दिवसांत ती करू नये: अडलेल्या पित्तानेही आकडा चढतो आणि घरात विनाकारण रडारड होते. एखादी नलिका अचानक जास्त आवळली तर ईआरसीपीत ब्रशने पेशी घेऊन तपासाव्यात. आणखी एक आजार हुबेहूब पीएससीसारखा दिसतो, आयजीजी-४ (रक्तातले एक प्रतिपिंड) चा. तो स्टेरॉइडने आटोक्यात येतो, तेव्हा लिव्हर बदलण्याची भाषा करण्यापूर्वी आयजीजी-४ची तपासणी झालीच पाहिजे.

लहान बाळांचे वेगळे लिहायला हवे. जन्मानंतर दोन आठवडे उलटूनही डोळे पिवळे आणि शी खडूसारखी पांढुरकी असेल, तर 'कोवळ्या उन्हात धरा' हा सल्ला पुरे करून डायरेक्ट बिलिरुबिन तपासावे. बिलिअरी अट्रेझियात नलिका बंदच असतात. जपानच्या मोरिओ कासाई यांनी बसवलेले ऑपरेशन, म्हणजे आतड्याचा फास थेट लिव्हरच्या मुळाशी जोडणे, ६० दिवसांच्या आत झाले तर गुण येण्याची शक्यता जास्त. माळ घालून कावीळ उतरवण्यात आणि नाकात थेंब सोडण्यात तेच दिवस जातात. कासाई फसले तरी वाट संपत नाही. भारतात १९९८ मध्ये दिल्लीत पहिले यशस्वी बाल-यकृत प्रत्यारोपण झाले ते याच आजाराच्या बाळाचे, आणि ते मूल पुढे डॉक्टर झाले.

चौकटीतल्या नव्वद टक्क्यांबद्दल. पीएससी आणि पीबीसीचे निकाल प्रत्यारोपणातल्या सर्वांत चांगल्या निकालांत मोडतात: पाश्चात्त्य नोंदींत वर्षानंतर शंभरातले साधारण ९०, पाच वर्षांनी ८० ते ८५ जण हयात असतात. पण पीएससी नव्या लिव्हरमध्येही साधारण पाचातल्या एकाला परत होतो. पीबीसीही परततो, मात्र सावकाश, आणि प्रत्यारोपणानंतर अर्सो चालू ठेवल्याने ते प्रमाण घटते. हे नातेवाइकांना आधी सांगितले नाही, तर चौथ्या वर्षी अल्कलाइन फॉस्फेटेज (नलिकांचा त्रास दाखवणारे रक्तातले एन्झाइम) वाढल्यावर सगळे खापर सर्जनवर फुटते.

आपल्याकडे बहुतेक वेळा लिव्हर जिवंत दात्याचे असते, बहुधा उजवा भाग. रुग्णाच्या वजनाच्या किमान ०.८ टक्का तरी लिव्हर मिळावे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४८० ग्रॅम, आणि दात्याकडे निदान तिसरा हिस्सा उरावा, असा हिशेब असतो. मेंदूमृत दात्याच्या यादीसाठी नाशिक पुण्याच्या झेडटीसीसीकडे (विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे) येते. फोन आला की उपाशीपोटी निघायचे असते. चाकणच्या कोंडीचा वेळ धरूनच निघावे.

जोडणीतही फरक आहे. एरवी रुग्णाची नलिका नव्या नलिकेला टोकाला टोक जोडतात. पीएससीत जुनी नलिकाच रोगट असेल तर आतड्याचा फास वर आणून जोडतात. मग पुढे अडथळा आला तर तोंडातून नेहमीची ईआरसीपी सहसा जमत नाही, त्वचेतून सुई घालून वाट काढावी लागते. डिस्चार्ज कार्डावर जोडणी कोणती ते ठळक लिहून घ्या. रात्री ताप घेऊन नाशिकच्याच दवाखान्यात जाल तेव्हा तेच कामाला येते. नव्या लिव्हरच्या नलिकांना रक्त फक्त हिपॅटिक धमनीतून मिळते, म्हणून एन्झाइम वाढले की आधी डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी). धमनी बंद पडून आवळलेल्या नलिका फोटोत परतलेल्या पीएससीसारख्याच दिसतात. शिवाय ज्यांना कोलायटिस आहे, त्यांची दर वर्षीची कोलोनोस्कोपी प्रत्यारोपणानंतरही चुकवायची नाही.

सर्वांत जास्त चुका टॅक्रोलिमसच्या, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीच्या, रक्तातल्या पातळीच्या तपासणीत होतात. रक्त सकाळच्या गोळीआधी, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी आणि जांभळ्या बुचाच्या नळीत द्यायचे. रुग्ण आठला गोळी घेतो, साडेनऊला लॅबमध्ये पोचतो, आकडा १८ येतो, कोणीतरी डोस निम्मा करते आणि पंधरा दिवसांनी रिजेक्शन (शरीराने नवे लिव्हर नाकारणे) उभे राहते. खरी पातळी पहिल्या महिन्यात साधारण ६ ते १०, पुढे ४ ते ८ पुरते. टीबीचे रिफाम्पिसिन ही पातळी जमिनीवर आणते, तर फ्लुकोनॅझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन ती चढवतात. दुकानदाराने 'तेच आहे' म्हणून कंपनी बदलून दिली तर आठवड्यात पातळी पुन्हा तपासावी. गुळवेल बंद: तिच्याने लिव्हरला इजा झाल्याचे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत, आणि जी प्रतिकारशक्ती आपण दाबतोय तीच वाढवायला लोक ती घेतात.

शेवटी एक दुरुस्ती, आणि ती नाशिकच्या पेपरात तरी व्हायला हवी. चौकटीत 'प्रत्यारोपणानंतर द्राक्षे वर्ज्य' असे छापले आहे. वर्ज्य आहे ते ग्रेपफ्रूट, आणि त्याचे आपल्याकडचे भावंड पपनस. त्यांनी टॅक्रोलिमसची पातळी वाढते. द्राक्षे घरी स्वच्छ धुऊन खुशाल खावीत. त्यांची वाइन मात्र नको.

आपले,
पोटविकार व प्रत्यारोपण समन्वयाच्या कामातले काही वाचक, नाशिक