जुनी मोटार आणि महिन्याचे भाडे

महोदय,

जुनी गाडी काढून टाका आणि नवी लीजवर, म्हणजे मासिक भाड्याने घ्या, असा आग्रह आता आमच्या तालुक्यापर्यंत पोहोचला आहे. माझी लहान पेट्रोल मोटार २००९ सालची. पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारातच द्यावी लागते, असे गावात अनेक जण छातीठोकपणे सांगतात. परंतु डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षे हा दंडक दिल्ली परिसरासाठी घातला गेला. आपल्याकडे खासगी गाडीची तपासणी करून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते आणि माझी २०२४ मध्ये तशी मिळालीही.

तरीही शहरातील एका विक्रेत्याकडे मी चौकशी केली. करांसह दरमहा १५,००० रुपये भाडे, त्यातच विमा व देखभाल. मात्र वर्षाच्या किलोमीटरना मर्यादा, मुदतीआधी गाडी परत केल्यास दंड आणि अखेरीस गाडी त्यांचीच. दरमहा पगार येणाऱ्या नोकरदाराला हे जमेलही, पण आमचा पैसा दिवाळीच्या सुमारास कापूस-सोयाबीन विकले की एकदाच हाती येतो. वर्षाचे १,८०,००० रुपये म्हणजे लांब धाग्याच्या कापसाच्या २०२५-२६ मधील ८,११० रुपये हमीभावाने बावीस क्विंटलांहून अधिक कापूस. कोरडवाहू वावरात एकरी पाच क्विंटल पिकला, तरी साडेचार एकरांची पऱ्हाटी नुसत्या भाड्यात जाते. (तो भावही हाती पडला तर!) शिवाय पांदण रस्त्याने खताची पोती वाहिलेली गाडी परत करताना प्रत्येक ओरखड्याचा हिशेब द्यावा लागेल, तो वेगळाच.

जुन्या गाडीलाही खर्च आहेच. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आल्यापासून मिस्त्रीने इंधनाच्या रबरी नळ्या बदलायला लावल्या, आणि गाडीत एअरबॅग नाही, ही उणीव मी नाकारत नाही. पण क्लच किंवा बॅटरीचे काम पीक विकेपर्यंत थोडे लांबवता येते. हप्ता थांबत नाही. गाडी बदलायचीच झाली तर एखादी वापरलेली गाडी रोखीने घेईन.

खरा जाच नोंदणीच्या नूतनीकरणाचा आहे. पूर्वी ६०० रुपये असलेले मोटारीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले आणि वीस वर्षांपुढील गाडीसाठी २०२५ मध्ये ते १०,००० करण्यात आले. पर्यावरण कर निराळा. २०२९ मध्ये माझी गाडी नेमकी त्याच टप्प्यावर येईल. वर्षाला जेमतेम चार हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीला आणि रोज शंभर किलोमीटर पळणाऱ्या गाडीला एकच शुल्क का, याचा परिवहन खात्याने विचार करावा. ते होईपर्यंत निदान तपासणीची सोय तालुक्याच्या ठिकाणी करावी, म्हणजे त्यासाठी यवतमाळला जाण्यात मजुरीचा एक दिवस बुडणार नाही.

आपला,
एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ