मयताची तारीख तरी तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत प्रोग्रेसिव्ह रॉकवर, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या गाण्यांच्या रॉकवर, आमच्या भाषेत प्रॉगवर, लेख आला, वर किंग क्रिम्सन बँडच्या 'इन द कोर्ट ऑफ द क्रिम्सन किंग'चा तो किंचाळणारा लाल चेहरा, बघूनच बरं वाटलं, कारण आमच्यासारख्यांच्या वाट्याला वर्तमानपत्रात एवढी जागा कधी येत नाही. वाचताना मजा येत होती. आणि मग शेवटच्या परिच्छेदात लेखकाने एका वाक्यात निकाल लावून टाकला, की १९७६-७७ मध्ये पंक, म्हणजे छोट्या, साध्या, रागीट गाण्यांचं रॉक, आलं आणि त्याने प्रॉगला मारलं, विषय संपला. हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या ठिकाणी वाचलंय की आता पाठ झालंय, आणि दर वेळी एकच वाटतं की अहो, खुनाचा आरोप करताय ना, मग मयताची तारीख तरी तपासा.

आम्ही सहाजण आहोत, गेली कित्येक वर्षं याच विषयावर भांडतोय, की प्रॉगच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं वळण कुठलं. सहा जणांची सहा सालं आहेत आणि कोणी एक इंच मागे सरकत नाही. लेख वाचून पुन्हा भांडण झालं, म्हणून हे पत्र.

सुरुवात कुठून यावरची मारामारी मला खरं तर कंटाळवाणी वाटते पण ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एकजण १९६७ वाला आहे. मूडी ब्लूजचा 'डेज ऑफ फ्यूचर पास्ड', ऑर्केस्ट्रा आणि बँड एकत्र, आणि त्यांचा माइक पिंडर ज्या कारखान्यात मेलोट्रॉन बनायचे तिथेच आधी नोकरीला होता, म्हणजे वाद्याची आतली सगळी खोड माहीत असलेला माणूस. मेलोट्रॉन ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी, दिसायला ऑर्गनसारखा पण आत प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा, त्यावर खरी व्हायोलिनं, खऱ्या बासऱ्या रेकॉर्ड केलेल्या, पट्टी दाबली की टेप फिरते, आणि आठेक सेकंदांत टेप संपते की आवाज बंद. बोट उचलून परत दाबायचं. तो जो थरथरता, जरा बेसूर वाटणारा तंतुवाद्यांचा आवाज आहे ना, अर्धं प्रॉग त्याच्यावर उभं आहे, आणि तो मुळात एका अवघड यंत्राची अडचण आहे.

दुसरा १९६९ वाला, आणि तुमचा लेखकही त्याच पक्षातला दिसतो. मान्य आहे. किंग क्रिम्सनची तालीम सुरू झाली जानेवारीत, ५ जुलैला हे लोक हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या आधी लाखो लोकांपुढे वाजवतात, ऑक्टोबरमध्ये रेकॉर्ड येते आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावरच इयान मॅकडॉनल्ड आणि मायकल जाइल्स बँड सोडायचं ठरवतात. वर्ष पुरं व्हायच्या आत जन्म, कीर्ती आणि फाटाफूट. काही महिन्यांत गायक ग्रेग लेकही गेला आणि इमर्सन लेक अँड पामर, म्हणजे ईएलपी, उभं राहिलं. पण मी म्हणतो की जन्म म्हणजे वळण कसं? वळायला आधी रस्ता लागतो.

तिसऱ्याचं साल १९७२ आहे आणि त्याचा मुद्दा इतका विचित्र आहे की मला तो मनापासून आवडतो. तो म्हणतो, ड्रमर बिल ब्रुफर्डवर लक्ष ठेवा, बाकी काही बघू नका. त्याच्या येस या बँडने 'क्लोज टू द एज' रेकॉर्ड केला, पूर्ण रेकॉर्डवर फक्त तीन गाणी, पहिलं अठरा मिनिटांचं आणि अख्खी एक बाजू व्यापणारं, बँड यशाच्या शिखरावर, आणि ड्रमर उठून क्रिम्सनमध्ये जातो, जिथे पैसेही कमी आणि बँड टिकेल याची शाश्वतीही नाही. दोन वर्षांनी क्रिम्सन मोडतं आणि १९७६ मध्ये हाच माणूस जेनेसिसच्या दौऱ्यावर ड्रम वाजवताना दिसतो. तीन मोठे बँड आणि ब्रुफर्ड तिन्हीकडे, आणि तो जिथून निघतो तिथलं काहीतरी संपलेलं असतं असं या मित्राचं म्हणणं. सिद्धांत म्हणून लंगडा आहे पण खोडून काढायला जा, घाम फुटतो.

१९७२ वरून आठवलं, तुमच्या लेखात जेथ्रो टल या बँडचा उल्लेखच नाही, हे मात्र वर्तमानपत्राला शोभत नाही. त्याच वर्षी आलेल्या 'थिक अ‍ॅज अ ब्रिक'चं कव्हर म्हणजे बारा पानांचं अख्खं खोटं वर्तमानपत्र होतं, बातम्या, जाहिराती, सगळं. एका काल्पनिक आठ वर्षांच्या मुलाची कविता, तिला मिळालेलं आणि मग काढून घेतलेलं बक्षीस, आणि आत रेकॉर्डवर ती कविता म्हणजे दोन्ही बाजू मिळून एकच गाणं. आधीच्या 'अ‍ॅक्वालंग'ला समीक्षक कॉन्सेप्ट अल्बम, म्हणजे एकाच कल्पनेवर बेतलेली रेकॉर्ड, म्हणत सुटले म्हणून टलचा म्होरक्या इयान अँडरसन वैतागला आणि म्हणाला घ्या मग, सगळ्या कॉन्सेप्ट अल्बमचा बाप घ्या. थट्टा म्हणून केलेली गोष्ट अमेरिकेत पहिल्या नंबरला गेली. प्रॉगवाल्यांना विनोद कळत नाही म्हणणाऱ्यांनी हे एकदा बघावं.

चौथा १९७३ वाला आहे, पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून', आणि त्याच्याशी भांडण करणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, कारण तो नुसता आकडे फेकतो. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १९७३ ते १९८८ मध्ये मिळून ७४१ आठवडे, बोला आता काय बोलता. मी एवढंच बोलतो की त्या रेकॉर्डचं मोठेपण विक्रीत नाही, 'मनी' सात मात्रांत आहे आणि कोणाला कळतसुद्धा नाही यात आहे. लोक मजेत पाय आपटत असतात, गिटारचा सोलो येतो तिथे गुपचूप चारात येतं आणि नंतर परत सातात. अवघड गोष्ट सोपी करून लोकांच्या खिशात घातली. पण यानंतर प्रॉग बदललं का? पिंक फ्लॉइड बदलले. बाकीचे आपापल्या वाटेनेच जात राहिले, तेही जरा जास्तच दूर.

आता माझं साल. १९७४. तुमच्या लेखात हे वर्ष एकदाही येत नाही.

त्याच्या आदल्या वर्षाच्या शेवटी येसने 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' काढलेला, दोन रेकॉर्डी, चार बाजू, चार गाणी, ऐंशी मिनिटांच्या वर. येसचा गायक जॉन अँडरसनने परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातली एक तळटीप वाचली आणि त्या तळटिपेवर एवढा डोलारा उभा केला. इंग्लंडमध्ये तो पहिल्या नंबरवर गेला हे खरं, पण कीबोर्डवाला रिक वेकमन इतका कंटाळला होता की मँचेस्टरच्या कार्यक्रमात चालू स्टेजवर त्याने करी खाल्ली. मे महिन्यात त्याने बँडच सोडला. आणि त्याच सुमाराला त्याची स्वतःची 'जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ' पहिल्या नंबरवर गेली, ऑर्केस्ट्रा आणि गायकवृंदासकट, म्हणजे अवाढव्यपणाला कंटाळून निघालेला माणूस पुढच्या वर्षी वेम्ब्लीत बर्फावर स्केटिंग करणाऱ्यांना घेऊन राजा आर्थरचा शो करतो. यावर काय बोलणार.

एप्रिलमध्ये कॅलिफोर्निया जॅम हा संगीत महोत्सव झाला, दोन लाखांच्या आसपास लोक, आणि तिथे ईएलपीचा कीथ इमर्सन पियानोसकट हवेत गोल गोल फिरतोय. व्हिडिओ आहे, बघा. मला तो बघताना दर वेळी हसू येतं आणि दर वेळी पोटात गोळाही येतो, कारण याच्या वर जाणार कुठे? जिथे मुलं जमिनीवर बसून डोळे मिटून ऐकायची त्या कॉलेजच्या हॉलमधून पाच वर्षांत इथपर्यंत आले. त्याच वर्षी तीन रेकॉर्डींचा लाइव्ह अल्बम काढून ईएलपी थांबले, आणि बँड म्हणून पुढची रेकॉर्ड यायला १९७७ उजाडलं.

सप्टेंबरमध्ये गिटारवाल्या रॉबर्ट फ्रिपने आपलं क्रिम्सन बंद केलं. बंद म्हणजे बंद, सुट्टी वगैरे नाही. त्याचं म्हणणं साधारण असं की या अवाढव्य बँडांचे दिवस भरले, आता लहान आणि चपळ काहीतरी हवं. लक्षात घ्या, हे पंकवाले नाही म्हणाले, हे प्रॉगचा मुकुटमणी म्हणवणारा माणूस म्हणाला आणि स्वतःचं दुकान बंद करून म्हणाला. आणि बँड संपल्यावर 'रेड' आली. तिघांचाच बँड, ओबडधोबड, लोखंडासारखा आवाज, मेलोट्रॉन आहे पण तो आता राजवाड्यातला नाही, रात्री एकट्याने ऐकवणार नाही असा. इंग्लंडमध्ये ती पंचेचाळिसाव्या नंबरापर्यंत कशीबशी गेली आणि आठवड्यात यादीतून गायब. 'स्टारलेस'ची मधली काही मिनिटं गिटारवर जवळपास एकच सूर टोचत राहतो, हळूहळू ताण वाढत जातो, मी ते शेकडो वेळा ऐकलंय आणि अजून मधेच बंद करायची हिंमत झाली नाही. पुढे हेवी मेटलमध्ये प्रॉगचं जे रक्त आलं त्याचा उगम मला तरी इथेच दिसतो, आणि २००१ मध्ये टूल हा मेटल बँड आणि क्रिम्सन एकत्र दौऱ्यावर गेले तेव्हा मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

नोव्हेंबरमध्ये जेनेसिसचा 'द लँब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे' आला आणि त्याच्या दौऱ्याच्या सुरुवातीला गायक पीटर गॅब्रिएलने बाकीच्यांना सांगितलं की मी सोडतोय. जाहीर व्हायला पुढचा ऑगस्ट उजाडला, तेव्हा त्यानेही वर्तमानपत्रांना पत्रच लिहिलं होतं, माझ्यापेक्षा बरंच चांगलं.

आता मोजा. वेकमन बाहेर, ईएलपी गप्प, क्रिम्सन बंद, गॅब्रिएलचा निर्णय पक्का. सगळं एका वर्षात. आणि पंकचा झेंडा घेतलेल्या सेक्स पिस्टल्स बँडचा पहिला कार्यक्रम झाला ६ नोव्हेंबर १९७५ ला. म्हणजे खुनी घटनास्थळी पोचला तेव्हा वर्ष उलटून गेलेलं होतं, आणि गंमत म्हणजे मयतही पुरतं मेलेलं नव्हतं. कारण १९७७ चं बघा, जे म्हणे पंकचं वर्ष. येसचा 'गोइंग फॉर द वन' इंग्लंडमध्ये पहिला. ईएलपीचं 'फॅनफेअर फॉर द कॉमन मॅन' सिंगल म्हणून दुसऱ्या नंबरवर, वाद्यसंगीत, गाणारा कोणी नाही. फ्लॉइडचा 'अ‍ॅनिमल्स' दुसरा. तिकडे कॅनडात रश आदल्याच वर्षी '२११२' काढून मोकळे झालेले, आधीची रेकॉर्ड पडल्यामुळे कंपनी म्हणत होती की छोटी गाणी करा आणि यांनी अख्खी एक बाजू एकाच गाण्याला दिली आणि त्यावरच तरले.

शिवाय पंकवाल्यांच्या कपाटात काय होतं ते कोणी सांगत नाही. सेक्स पिस्टल्सचा गायक जॉनी रॉटन याचा 'आय हेट पिंक फ्लॉइड' टी-शर्ट सगळ्यांना माहीत आहे. पण १९७७ च्या जुलैमध्ये लंडनच्या कॅपिटल रेडिओवर त्याला आवडती गाणी लावायला बोलावलं तेव्हा त्याने पीटर हॅमिलची दोन गाणी लावली, हॅमिल म्हणजे व्हॅन डर ग्राफ जनरेटरचा गायक, प्रॉगमधलाही प्रॉग. आणि द डॅम्ड या पंक बँडच्या दुसऱ्या रेकॉर्डचा निर्माता कोण, तर पिंक फ्लॉइडचा ड्रमर निक मेसन. एकमेकांचे गळे धरलेले दोन पक्ष हे चित्र मासिकांनी रंगवलं, त्यांना खपाची काळजी.

मग १९७४ ला झालं काय? माझ्या मते माणसं आपल्याच आकाराला कंटाळली. शिवाय इंग्लंडमधला कर, मोठ्या कमाईवर वरच्या टप्प्याला ८३ टक्के, त्यामुळे ज्यांना जमलं ते देशाबाहेर जाऊन रेकॉर्ड करायला लागले, पुढे येस स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोला गेले, ईएलपीही. जिथून हे संगीत उगवलं ती खोली, तो हॉल, ते लोक सगळं मागे राहिलं. याला कोणी खून म्हणू नये. घर फार मोठं बांधलं आणि मग त्यात राहायला कोणाला आवडेना, एवढंच.

पाचवा मित्र राहिला. त्याचं साल १९८१, क्रिम्सन परत आलं आणि 'डिसिप्लिन' काढली ते, ड्रमवर पुन्हा ब्रुफर्डच. म्हणजे १९७२ वाला आता त्याच्या पक्षात जाणार अशी चिन्हं आहेत आणि मग दोघं मिळून तुम्हाला पत्र पाठवणार आहेत, लांबलचक असेल. छापायचं असेल तर छापा, पण माझ्या पत्राच्या खाली.

आपला,
एक जुना वाचक