बुलडोझर नको, तपासनीस पाठवा : मा. नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त टर्नर. ३१ वर्षं लेथवर काम केलं. लोखंड, बीड, पितळ, गनमेटल यांच्यातच हयात गेली, म्हणून भंगाराच्या धंद्याविषयी माझ्या मनात अढी नाही. आमच्या मशीनखालचा चुरा भंगारवालाच उचलायचा आणि तोच वितळून कास्टिंगच्या रूपाने पुन्हा आमच्या हातात यायचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण तक्रार घेऊन गेलं की पहिला प्रश्न येतो, "गरिबांच्या पोटावर पाय द्यायचाय का तुम्हाला?" नाही द्यायचा.

गेल्या मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास सौ. गच्चीवर वाळवण आवरत होती. आमच्या मागच्या भिंतीला लागून भंगाराचं गोदाम आहे. तिथे गॅस कटरने ड्रम कापायचं काम चाललं होतं. एक धडाका झाला. ड्रमचं झाकण भिंतीवरून उडून गच्चीवर आलं आणि तिच्या डाव्या खांद्यावर बसलं. कॉलरबोन मोडलं, आठ टाके पडले. मी वर पोचलो तेव्हा ती कुरडयांच्या साडीवर बसली होती आणि मला म्हणत होती, "पोराला बघा आधी, पोराला बघा." पोरगा म्हणजे ड्रम कापणारा. एकोणीस-वीस वर्षांचा असेल. त्याचा चेहरा आणि दोन्ही हात भाजले होते. दोन दिवसांनी चौकशी केली तर मुकादम म्हणाला, "तो गावी गेला." भाजलेल्या हातांनी कुठल्या गावी गेला, हे त्याला सांगता आलं नाही.

तो ड्रम थिनरचा होता. असा ड्रम रिकामा दिसतो, पण तळाशी ओंजळभर राहिलेलं असतं आणि त्याची वाफ आत कोंडलेली असते. त्यावर ज्योत टेकवली की ड्रमचा बॉम्ब होतो. आम्हाला वर्कशॉपमध्ये पहिल्याच वर्षी उस्तादांनी शिकवलं होतं : बूच काढ, ड्रम धू, पाण्याने भर, मग कापायला घे. अर्ध्या तासाचं काम. त्या मुलाला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि मालकाला कोणी विचारलं नव्हतं.

विचारण्याचं वचन मात्र मिळालं होतं. गेल्या वर्षी याच रांगेतल्या गोदामाला रात्री आग लागली. प्रेस मशीनमध्ये चेपल्या जाणाऱ्या मालात मोबाइलच्या बॅटऱ्या होत्या, असं तिथलेच कामगार सांगत होते. ते पटण्यासारखं आहे, कारण लिथियमची बॅटरी चेपली की पेटते. आगीनंतर महापालिकेचे एक वरिष्ठ अधिकारी गल्लीत आले. शंभरेक माणसांसमोर म्हणाले की तीन महिन्यांत प्रत्येक गोदामाची तपासणी होईल, परवाना क्रमांकाचा फलक दारावर लागेल, रात्री दहानंतर यंत्रं बंद राहतील. मी ते वहीत तारखेसह लिहून ठेवलं. त्याला आता चौदा महिने होतील. एकही फलक लागला नाही. तपासणीला कोणी आलेलं मी तरी पाहिलं नाही, आणि मी दिवसभर घरीच असतो.

मंत्री महोदय, घरी असणं म्हणजे काय, तेही ऐका. निवासी भागात रात्री आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल, दिवसा ५५, हा नियम २००० सालापासून आहे. आमच्याकडे रात्री साडेअकराला ट्रक रिकामा होतो. चार-पाच टन लोखंड लोखंडावर पडतं तेव्हा फडताळातली भांडी वाजतात. पहाटे तीनला तारा जाळतात. तांबं सुटं करायला वरचं प्लास्टिक जाळायचं, ही जुनी रीत. तारेवरचं ते प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी; ते उघड्यावर जाळलं की त्यातून डायॉक्सिन नावाचं विष निघतं, हे तुमच्या सरकारच्या पुस्तकांतही लिहिलेलं आहे. तो वास एकदा घशात बसला की दुपारपर्यंत चहाची चव लागत नाही. आम्ही अंथरुणं मधल्या खोलीत नेली, मागच्या खिडक्या कागदाने बंद केल्या, तुळस मागच्या दारातून पुढे आणली. सकाळी ओट्यावरून फडकं फिरवलं की ते काळं नाही, तांबूस निघतं. हिला आठ वर्षांपूर्वी साधी सर्दी होत नव्हती, आता उशाशी पंप असतो.

नातवाचं अजून सांगितलंच नाही. तो पाच वर्षांचा आहे. चिडचिड करतो, जेवत नाही, म्हणून डॉक्टरांनी रक्तातलं शिसं तपासायला सांगितलं. डेसिलिटरमागे १२ मायक्रोग्रॅम आलं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की शिशाची सुरक्षित पातळी अशी नसतेच, आणि ५ किंवा त्याहून जास्त आलं तर ते कुठून आलं हे शोधून थांबवा. मी शोधायचं कसं? गोदामात शिशाच्या जुन्या बॅटऱ्या फोडतात, त्यांचं पाणी गटारात जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तरी शिसं तिथूनच आलं, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. हवेतल्या शिशाला आपल्या देशात मर्यादा आहे, २४ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १ मायक्रोग्रॅम. पण आमच्या गल्लीत ते कोणी मोजलेलंच नाही. हवा मोजायचं यंत्र आमच्यापासून सहा-सात किलोमीटरवर, झाडांच्या परिसरात आहे. तिथली हवा चांगली असणारच. म्हणजे पोराच्या रक्तात पुरावा आहे आणि सरकारच्या वहीत काही नाही.

माझी फाइल आता चार बोटं जाड झाली आहे. एका कार्यालयाने कळवलं की विषय प्रदूषणाचा आहे, तिकडे जा. तिकडे म्हणाले की परवाना महापालिकेचा, तिकडे जा. कामगारांच्या सुरक्षेचं विचारलं तर उत्तर मिळालं की कामगार कमी आहेत, तो कारखाना नाही, दुकान आहे. लोखंड कापणारी कात्री, गठ्ठे करणारा प्रेस, ऑक्सिजनच्या नळकांड्यांची रांग, आणि म्हणे दुकान!

कायदे नाहीत असं नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ३७६ काढून बघा. धोक्याचा माल साठवायला आणि धोक्याचे, उपद्रवाचे धंदे करायला आयुक्तांचा परवाना लागतो. २००६ च्या आगप्रतिबंधक कायद्याप्रमाणे जागेच्या मालकाने किंवा भोगवटादाराने दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत, आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. हवेचा कायदा १९८१ चा. बॅटऱ्यांचे नियम २०२२ चे. मी टर्नर असून मला हे वाचता येतं. मग ज्यांचा हाच पगार आहे त्यांना का वाचता येत नाही?

आता मी या पत्रात माझ्या शहराचं नाव का लिहिलेलं नाही, ते सांगतो. मला भीती वाटते. गोदामवाल्यांची नाही, तुमच्या बुलडोझरची.

पिंपरी-चिंचवडमधल्या कुदळवाडीत वर्षानुवर्षं भंगाराची गोदामं वाढत गेली, आगी लागत राहिल्या, धूर सगळ्या चिखलीने पाहिला. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये थोड्या दिवसांत तिथली हजारो बांधकामं जमीनदोस्त झाली. हवा सुधारावी म्हणून आजूबाजूच्या लोकांनी तक्रारी केल्या होत्या. त्यांना हवी होती ती तपासणी. तो माल, ती माणसं, त्या कात्र्या हवेत विरल्या नाहीत. भंगार निर्माण होतच राहतं, ते दुसऱ्या कुठल्या तरी भिंतीला लागून उभं राहतं. आमच्या गल्लीत कालपरवापर्यंत नऊ गोदामं होती, आता बारा आहेत, कदाचित तेरा. मानखुर्दच्या मंडाळ्यात ५ फेब्रुवारी २०२१ ला भंगाराची गोदामं पेटली, त्याआधी पेटली होती, त्यानंतरही पेटली. प्रत्येक वेळी बंब येतात, पुढारी येतात, आणि मग पुढच्या आगीपर्यंत शांतता.

आपल्या सरकारांना दोनच गोष्टी येतात : डोळे मिटणं आणि पाडून टाकणं. यांच्या मधलं जे काम आहे, दर महिन्याला जाऊन बघणं, मोजणं, चुकलं तर दंड करणं, सुधारलं तर धंदा करू देणं, ते करायला कोणी तयार नाही. त्या कामात उद्घाटन नसतं.

आणि भंगार येतं कुठून? सरकारी खात्यांच्या जुन्या गाड्या, पाइप, यंत्रं लिलावात जातात. जास्त बोली लागली की माल उचलला जातो. तो कुठे कापला जाणार, कोण कापणार, हे विचारायचं कोणाच्या डोक्यातही येत नाही. २०१० साली दिल्ली विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने वर्षानुवर्षं पडून असलेलं एक यंत्र लिलावात विकलं. ते मायापुरीच्या भंगार बाजारात पोचलं, तिथे उघडलं गेलं. आत कोबाल्ट-६० होतं. किरणोत्सर्गाने एक कामगार मेला, बाकीचे इस्पितळात पडले. विद्यापीठाला ठाऊक नव्हतं की आपण काय विकतोय! मग आमच्या गल्लीतल्या त्या पोराने ड्रमच्या आत काय आहे हे ओळखायचं, अशी अपेक्षा तुम्ही करता?

आमची महापालिका वर्षानुवर्षं प्रशासकाच्या हाती होती. दाद मागायला नगरसेवकसुद्धा नव्हता. त्या काळात कर वेळेवर घेतला गेला. रस्ते झाडणारी यंत्रं आली, पाणी फवारणाऱ्या गाड्या आल्या, त्यांच्यावर स्वच्छ हवेची चित्रं रंगवलेली होती. ती गाडी आमच्या गल्लीत वळत नाही, कारण वळणावर भंगाराचे ट्रक उभे असतात. कर मात्र वळणावर थांबत नाही, तो आमच्या दारापर्यंत येतो. आम्ही नागरिक आहोत की नुसती पावती पुस्तकातली नावं आहोत, हे एकदा मंत्रालयातून सांगा.

मला काय हवंय ते थोडक्यात लिहितो. राज्यातल्या प्रत्येक आयुक्तांना आदेश द्या की भंगाराच्या सगळ्या गोदामांची यादी, परवाना आणि शेवटच्या तपासणीची तारीख वॉर्ड कार्यालयाच्या भिंतीवर लावावी. ज्या गल्लीत गोदामं आहेत त्याच गल्लीत हवा आणि शिसं मोजावं. गॅस कटर हातात देण्याआधी मुलांना शिकवावं, चष्मा आणि हातमोजे द्यावेत, त्यांची नावं हजेरीपटावर असावीत. वस्तीतून गोदाम हलवायचं असेल तर आधी जागा द्या, मग हलवा. आणि तो मुलगा कुठे आहे, हे शोधून काढा. त्याचं नावसुद्धा आम्हाला माहीत नाही. सौ. रोज विचारते.

ड्रमचं झाकण माझ्याकडे आहे. पोलिसांनी स्फोटाची नोंद घेतली, पण झाकण बघायला अजून कोणीही आलेलं नाही. पुरावा गंजू नये म्हणून मी त्याला ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून जिन्याखाली ठेवलंय. तुमचा माणूस ज्या दिवशी येईल त्या दिवशी त्याच्या ताब्यात देईन.

आपला,
एक निवृत्त टर्नर