केसपेपरवर 'अशक्तपणा' लिहिलेल्या मुली: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

मी कोल्हापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्याकडे वजन उतरवायला येणारेच जास्त. पण अधूनमधून एखादी आई मुलीला घेऊन येते आणि म्हणते, "हिच्या अंगाला काही लागतच नाही, काहीतरी ताकदीचं लिहून द्या." सोबत जाडजूड फाईल असते. सोनोग्राफी, थायरॉइड, क्षयाची तपासणी (ती व्हायलाच हवी, त्याबद्दल तक्रार नाही), गॅसच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, पाळी यावी म्हणून गोळ्या. केसपेपरवर शेरा एकच: अशक्तपणा. मुलगी ताटावर बसते का, बसली तर काय होतं, जेवल्यावर लगेच कुठे जाते, हे त्या फायलीत कोणी विचारलेलं नसतं.

अ‍ॅनोरेक्सिया (खाणं तोडत तोडत उपाशी राहणं), बुलिमिया (भरपूर खाऊन मग ते उलटी करून बाहेर काढणं), बिंज ईटिंग (आवरता न येता खात सुटणं) या खाण्याच्या विकारांची नावं काढली की समोरचा म्हणतो, हे मुंबईच्या मॉडेलचे आजार, आमच्याकडे कुठून येणार? नावं परदेशातून आली हे खरं. पण आजार इथे आहेत, आणि ते इथल्या भाषेत बोलतात. हाँगकाँगचे मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी 1990च्या दशकात दाखवून दिलं की तिथल्या अनेक अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांना जाड होण्याची भीती वाटतच नव्हती. पोट फुगतं, भूक नाही, एवढंच त्या सांगत. भारतातही असे रुग्ण नोंदले गेले आहेत. माझ्यासमोरची मुलगीही "पोट गच्च होतं", "घास उतरत नाही" असंच म्हणते. तिला "तुला जाड व्हायची भीती वाटते का?" हा पुस्तकी प्रश्न विचारला, तर ती खरेपणानेच नाही म्हणेल आणि डॉक्टर पुन्हा गॅसची गोळी लिहितील.

शिवाय आपल्याकडे न खाण्याला आडोसे भरपूर. घरात उठता-बसता, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशीच उपवासाचं, नवरात्र असताना मुलगी नऊ दिवस कडक धरते, मग संकष्टी, मग गुरुवार, आणि उपवास सुटायचं नावच घेत नाही. घरचे कौतुक करतात, शेजारणी तर जास्तच. मला उपवासांविरुद्ध काही म्हणायचं नाही, मी स्वतः करते. उपवास सोडायच्या वेळी ताटाकडे बघून जिचा चेहरा पांढरा पडतो, तिच्याबद्दल मी बोलते आहे. दुसरा आडोसा सुनेचा. सगळ्यांना वाढून शेवटी स्वयंपाकघरात जेवणाऱ्या बाईने काय खाल्लं, किती खाल्लं, की दुपारी घर रिकामं असताना पोटात दुखेपर्यंत खाल्लं आणि मग ते बाहेर काढलं, हे बघायला तिथे कोणी नसतंच. पुरुषही सुटलेले नाहीत. आमच्या तालमीच्या गावात वजनी गटासाठी पाणी तोडणं ही रीतच आहे. 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट 100 ग्रॅमनी बाद झाल्या तेव्हा सारा देश या विषयावर बोलला आणि महिनाभरात विसरला. वजन तोडणारा प्रत्येक मल्ल आजारी नसतो, पण काहींच्या बाबतीत स्पर्धा संपल्यावरही ते थांबत नाही, आणि जिममधल्या पोरांचं तर विचारूच नका.

आता मुद्द्याचं. साहेब, या आजारात माणसं मरतात. मानसिक आजारांत सर्वाधिक मृत्युदर असलेल्या आजारांमध्ये अ‍ॅनोरेक्सिया येतो. उपासमारीने नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो. वारंवार उलट्यांनी पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचा ठोका चुकतो. यासाठी माणूस हाडाचा सापळा दिसावा लागत नाही. अंगाने भरलेली मुलगी काही महिन्यांत झपाट्याने उतरली, तर तिचं वजन तक्त्यात 'योग्य' दिसत असतानाही तिच्या जिवाला धोका असू शकतो. तिला मात्र शाळेत टाळ्या मिळतात.

आणि सलाईन. अशक्तपणा म्हटलं की एक बाटली लावायची, ही आपल्या दवाखान्यांची जुनी सवय. लोकही मागूनच घेतात. कित्येक दिवस नीट न खाल्लेल्या शरीरात एकदम ग्लुकोज गेलं की रक्तातलं फॉस्फेट धाडकन खाली येतं, आणि श्वास किंवा हृदय बंद पडू शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांना पोटभर जेवायला घातल्यावर काही जण दगावले, तेव्हापासून वैद्यकशास्त्राला हे माहीत आहे. अशा रुग्णाला आधी थायमिन (ब-1 जीवनसत्त्व) द्यावं लागतं, फॉस्फेट आणि पोटॅशियम रोज बघावं लागतं, अन्न बेताबेताने वाढवावं लागतं. हे एका पानावर मावतं. ते पान प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयाच्या भिंतीवर हवं.

उपचार आहेत, आणि त्यांना मोठं यंत्र लागत नाही. किशोरवयीन मुलामुलींसाठी सर्वात भक्कम पुरावा आहे तो कुटुंबाला सोबत घेऊन केलेल्या उपचाराचा. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात 1980च्या दशकात त्याची सुरुवात झाली. सुरुवातीला जेवणाची सूत्रं पूर्णपणे आई-वडील हातात घेतात. काय खायचं, किती खायचं ते तेच ठरवतात, मुलगी जेवेपर्यंत शेजारी बसतात, आणि दोष आजाराला देतात, मुलीला नाही. वजन सावरलं की सूत्रं हळूहळू मुलीकडे परत. सहा महिने ते वर्षभरात साधारण 20 भेटी होतात. मोठ्यांसाठी खाण्याच्या विकारांपुरती घडवलेली विचार-वर्तन उपचारपद्धती आहे, तिच्याही तितक्याच भेटी, वजन फार उतरलं असेल तर दुप्पट. जिथे आजी आणि काकू एरवीही ताटाशी बसून आग्रह करतात, तिथे कुटुंबाचा उपचार रुजायला अडचण पडू नये असं मला वाटतं. फक्त आग्रह, धाक आणि उपचार यांतला फरक कोणीतरी शिकवायला हवा, आणि तो मराठीत. आज पुण्या-मुंबईबाहेर असा शिकवणारा माणूस शोधायला मला फोनवर फोन करावे लागतात. सापडला तरी गडहिंग्लजच्या आईला दर आठवड्याला तिकडे जाणं परवडत नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 आपल्याला माहीत आहेच. त्याच्या कलम 31 प्रमाणे सरकारी आरोग्य संस्थांतल्या सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्राथमिक आणि तातडीच्या मानसिक उपचारांचं प्रशिक्षण देणं सरकारवर बंधनकारक आहे. त्या प्रशिक्षणात खाण्याच्या विकारांचा अर्धा दिवस घाला, एवढीच माझी पहिली मागणी. अचानक उतरलेलं वजन, थांबलेली पाळी, मंद नाडी, सुजलेले गाल, झिजलेले दात यांतलं काही दिसलं की ईसीजी आणि रक्ताची तपासणी करून जिल्हा मानसिक आरोग्य पथकाकडे चिठ्ठी द्यावी. दातांच्या डॉक्टरांनाही यात घ्या. उलट्यांचा आजार कित्येकदा सर्वांत आधी त्यांच्या खुर्चीत दिसतो.

दुसरी मागणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांबद्दल. ती शाळेत येतात, उंची-वजन घेतात, नोंद करतात. मागच्या वर्षीचा आकडा शेजारी ठेवून बघितला, तर घसरण तिथल्या तिथे कळेल. कागद तोच, रकाना एक वाढवायचा. आणि कृपा करून वजन सगळ्या वर्गासमोर मोठ्याने पुकारू नका. 'जाडी', 'सुकडी' ही नावं तिथूनच चिकटतात.

तिसरी गोष्ट 14416 या टेली-मानस क्रमांकाची, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीची. तो 2022पासून सुरू आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. मुलीने "मी जेवले की उलटी करते" असं सांगितलं तर पलीकडच्या समुपदेशकाने उपदेश न करता काय विचारायचं आणि कुठे पाठवायचं, हे त्यांच्याकडे लिहिलेलं असावं. प्रत्येक जिल्ह्यातल्या पथकातल्या एका मानसशास्त्रज्ञाला कुटुंब-उपचाराचं शिक्षण दिलंत, तर त्या समुपदेशकाला द्यायला एक पत्ता तरी मिळेल.

शाळा तपासणीचं नवं वेळापत्रक जूनमध्ये लागतं. रकान्याचा आदेश त्याआधी निघाला तर वर्ष वाया जाणार नाही. प्रशिक्षणाच्या वेळी आहाराचा भाग शिकवायला मी विनामोबदला यायला तयार आहे. या पत्राची प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातही दिली आहे.

आपली विश्वासू,
कोल्हापुरातील एक आहारतज्ज्ञ