मुक्कामी गाडीनं गेले होते

ती. आई-बाबांना,
शि. सा. न.

फोनवर नीट सांगणं झालंच नाही. आईनं पदर डोळ्यांना लावला असणार, कारण मध्येच आवाज बंद झाला, आणि बाबांनी "जेवलीस का?" एवढंच विचारून फोन ठेवला. म्हणून लिहिते. बाबांनी आईला पूर्ण वाचून दाखवावं, मधलं काही गाळू नये.

तुमचा प्रश्न एकच होता: गाडी नाही, घोडं नाही, मग रानात मुक्कामाला जायचं कशाला? तर आई, गाडी होती. लाल होती, तिला ड्रायव्हर होता, कंडक्टर होता, आणि रात्रभर ती आमच्यापासून दोनशे पावलांवर उभी होती.

आपल्या गावात मुक्कामी गाडी यायची ते आठवतं ना? दिवेलागणीनंतर पारापाशी थांबायची आणि पहाटे तीच परत जायची. ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळात पथारी टाकायचे, तू पिठलं-भाकरीचा डबा बांधायचीस आणि तो घेऊन मला पिटाळायचीस. परक्या गावात जाऊन, खाऊन, उघड्यावर निजून सकाळी वेळेवर कामाला लागणारी माणसं मी तिथंच पहिल्यांदा पाहिली. तेव्हापासून माझ्या डोक्यात हे बसलेलं आहे. जिथं एसटी मुक्काम करते तिथं आपणही करावा. रात्री काही झालंच तर गावात ड्रायव्हर आहे, आणि सकाळी परत यायची चिंता नाही.

मी आणि माझी ऑफिसातली मैत्रीण, दोघी संभाजीनगरहून कन्नडला गेलो. दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ करत साधारण साठ किलोमीटर. तिकीट अर्धं. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धंच पडतं हे आईला ठाऊक आहे, तरी ती फाट्यापर्यंत दादाच्या मोटारसायकलवर बसते, हे जाता जाता नोंदवते. कन्नडच्या चौकशी खिडकीवर विचारलं, मुक्कामी गाड्या कुठं कुठं जातात.

"नातेवाईक आहेत का तिथं?"

"नाहीत. मुक्काम करायचाय."

"ताई, गाडी मुक्कामी असते. प्रवासी नसतात."

पण त्यांनीच मग तीन गावं सांगितली आणि एकावर बोट ठेवलं, इथली माणसं चांगली आहेत म्हणून. त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर बाबा चार दिवसांत तिथं कुणीतरी ओळखीचं शोधून काढतील.

बाबा, कन्नडजवळच्या गौताळ्याच्या जंगलात आम्ही निजलो नाही. ते 1986 पासून अभयारण्य आहे, दोनशे साठ चौरस किलोमीटरचं, आत बिबट्या आहे आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथं रात्र काढता येत नाही. काढूही नये. पितळखोऱ्याची लेणी मात्र बघायची राहिली. तिथवर जायला कन्नडहून स्वतःची गाडी लागते, नाहीतर जीपवाला म्हणेल तो आकडा द्यावा लागतो. गाडी नसल्याचा तोटा झाला तो एवढाच. लेणी दोन हजार वर्षांहून जुनी आहेत, माझ्यासाठी आणखी वर्षभर थांबतील.

सामानाचं सांगते, कारण आईला वाटतं मी काहीच न घेता गेले. निघायच्या आदल्या दिवशी रद्दीवाल्याच्या काट्यावर पाठपिशवी ठेवली: साडेनऊ किलो. त्यात तंबू अडीच किलो, झोपायची पिशवी सव्वा किलो आणि पाणी तीन लिटर म्हणजे तीन किलो. आपल्याकडं सगळ्यात जड वस्तू पाणीच. गाडीवाले खुर्च्या नेतात, शेगडी नेतात, बर्फाचा डबा नेतात. मला जे उचलून धावत एसटी पकडता येईल तेवढंच माझं. आई, तुझी वाकळ त्यामुळंच राहिली. ती एकटीच चार किलोंची भरली, रद्दीवाला म्हणाला, "ही द्यायची आहे का?"

शेगडी नेलीच नाही. गॅसची डबी काय, रॉकेल काय, असलं पेटणारं एसटीत नेता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणून दशम्या केल्या, तुझ्यासारख्या दुधात पीठ मळून. पाण्याचा हात लावू नको हे तुझं ऐकलं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मऊ होत्या. बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. मैत्रिणीनं शहरातून आणलेले बिस्किटांचे चार पुडे तसेच परत गेले.

वाटेत एका फाट्याजवळ ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या दिसल्या. बीडकडचीच माणसं होती. एका कोपीच्या दारात एक बाई पोराला आंघोळ घालत होती. तिनं एसटीकडं पाहिलं, मी मांडीवरचा तंबू उगाच पायाशी सरकवला. हौसेचा मुक्काम आणि पोटाचा मुक्काम यांत फरक आहे, हे तुम्ही मला सांगायच्या आधी मीच कबूल करते.

गावात उतरलो तेव्हा अंधारून आलं होतं. शाळेच्या मागं पडीक रान होतं. मालक शोधला, म्हातारे आजोबा होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "पाल टाकता का? टाका की. पन विहिरीकडं जाऊ नका, तिला कठडा न्हाई." एवढीच अट. थोड्या वेळानं त्यांची सून कंदीलभर उजेड घेऊन बघायला आली. आम्ही जडीबुटीवाल्या की जनगणनेवाल्या, हे तिला ठरवता येत नव्हतं. आम्ही नुसत्याच झोपायला आलोय म्हटल्यावर ती इतकी हसली की तिचं पोर उठलं.

जमीन मुरमाड निघाली. तंबूच्या खुंट्या दोन बोटं आत जायच्या आणि वाकायच्या. चार वाकवल्यावर शहाणपण आलं, मग दोऱ्या दगडांना बांधल्या. बाबा हुरड्याच्या दिवसांत जागलीला जायचे, राखणीच्या माळ्याच्या दोऱ्या आवळायचे, ती गाठ मला आठवेना. मी साधी बुटाची गाठ मारली. ती टिकली.

भीती वाटली का, हे विचाराल. वाटली. रात्री दोनच्या सुमारास बाहेरून काहीतरी तंबूला टेकलं आणि टेकूनच राहिलं. माझ्या पायांशी कापडाच्या पलीकडं ऊब लागत होती. बॅटरी लावायचं धाडस पंधरा मिनिटांनी झालं. गावातलं कुत्रं होतं, पाठ टेकून निजलं होतं. मग मीही पाय तिथंच ठेवले. थंडी चांगलीच होती.

खरी फजिती पहाटेची. चारच्या सुमारास तोंडावर थेंब पडायला लागले. मला वाटलं अवकाळी पाऊस आला, मैत्रिणीला उठवलं, पिशव्या झाकल्या. बाहेर येऊन बघते तर आभाळ लख्ख, मृगातले तीन तारे पश्चिमेला कललेले. पाऊस कसला! थंडी म्हणून आम्ही तंबूचं दार, वरची झडप, सगळं गच्च बंद केलं होतं. दोघींचा श्वासच कापडाला लागून आतून ठिबकत होता. सकाळी ड्रायव्हरकाकांना सांगितलं तर म्हणाले, "आम्ही गाडीत निजतो तेव्हा एक काच चार बोटं उघडी ठेवतो. नाहीतर आम्हालाबी हेच." एवढी साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, तंबू विकणाऱ्यानंही नाही.

सहाला हॉर्न वाजला तेव्हा आम्ही ओला तंबू गुंडाळत होतो. ओला तंबू कोरड्याएवढा होत नाही, पिशवीत जातच नाही. कंडक्टर दारात उभं राहून ओरडले, "ताई, तसाच आणा!" तसाच आणला. मागच्या सीटवर पसरला, अर्धा दांडीवर टाकला. कॉलेजच्या पोरी चढत होत्या, दुधाचे कॅन चढत होते, आणि एक आजीबाई सीटवर हात फिरवून म्हणाल्या, "लगीन हाय का कुनाचं? मांडव कुठं चालवलाय?" कन्नड येईपर्यंत तो वाळला.

आता मुद्द्याचं. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला शेतातल्या पूजेला, मी येते आहे. आदल्या रात्री शेतातच राहणार, पण तंबूत नाही. बाबांनी कडब्याची कोप आदल्या दिवशीच बांधावी, आणि ती माळ्याची गाठ मला दाखवावी. भज्जी, आंबिल आणि बाजरीचे उंडे आईनं नेहमीसारखे करावेत, मी दशम्या आणते, नावं ठेवायला मोकळी आहेस. परत जाताना तुम्ही दोघं माझ्याबरोबर चार दिवस संभाजीनगरला या. बाबांना आता शहात्तरावं लागलंय, पंचाहत्तरीपुढं एसटी फुकट आहे, फक्त आधार कार्ड विसरू नका. मागच्या वेळी ते देव्हाऱ्यात राहिलं होतं.

आणि दादाला फाट्यावर न्यायला पाठवू नका. पिशवी साडेनऊ किलोचीच असेल, मी चालत येते.

तुमची,
धाकटी