होडी बघायला आलेल्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार. या पत्रात तुमचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. घातलं तर ठाण्यापासून उरणपर्यंत ज्याला म्हणून जुनी होडी घ्यायची आहे तो तुम्हाला फोन करील, आणि तुमच्या तोंडून ‘नाही’ निघत नाही हे काकींना पुरतं ठाऊक आहे. फोनवर आभार मानायला गेलं की ‘बरं बरं, मशीनला गोडं पाणी मारता ना?’ म्हणून तुम्ही विषय बदलता. म्हणून हे चारचौघांदेखत लिहिते आहे. इथे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

दादासाठी जुनी होडी घ्यायला निघालो ती जाहिरात आठवतेय ना? ‘फायबर होडी, २२ फूट, मशीनसकट. एकदम कंडिशनमध्ये. अर्जंट विकणे आहे. फक्त गरजूंनीच फोन करावा.’ खाली फोटो, सगळे पाण्यावरचे आणि सगळे एकाच बाजूने काढलेले. दादाला होडी आवडली होती ती रंगावरून. तुम्हाला फोटो पाठवले तर तुमचे उलट दोन प्रश्न आले. पहिला, ‘पाण्याखालचा भाग कुठाय?’ दुसरा, ‘रविवारी तिथी कुठली?’

तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हे गणित आमच्या ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात वाढलेल्या कुणालाही येतं. होडी बघायचा मुहूर्त त्यावरून काढलेला मी तुमच्याकडेच पाहिला. पौर्णिमेनंतरची द्वितीया होती. दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे दुपारी दीडच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि सकाळी सव्वासात-साडेसातला पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. त्यात उधाणाचे दिवस, पाणी उतरणारही खूप आणि चढणारही खूप. सकाळी होडी चिखलावर उघडी पडलेली असताना तिचा तळ बघायचा आणि दुपारी तीच होडी पाण्यावर पळवून बघायची, एका खेपेत दोन्ही कामं. अष्टमीच्या भांगात, पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, गेलो असतो तर धड तळ दिसला नसता आणि धड पाणीही मिळालं नसतं. जाहिरातीखालचं ‘आजच या, दुसरं गिऱ्हाईक आहे’ हे तुम्ही कानाआड केलंत ते किती बरं झालं.

ट्रान्स हार्बरच्या सकाळच्या गाडीने आपण नेरूळला उतरलो, पाम बीच रस्ता ओलांडून धक्क्यावर गेलो. होडीचे मालक नाखवा वाट बघत होते. तुम्ही आधी त्यांना रामराम केलात, चहा झाला का विचारलंत, आणि बोलता बोलता मशीनच्या झाकणावर तळवा ठेवलात. मला वाटलं सहज. नंतर तुम्ही सांगितलंत की गिऱ्हाईक यायच्या आधी मशीन तापवून ठेवलं असेल तर गार असताना ते सुरू व्हायला किती कुरकुर करतं ते कळतच नाही. झाकण गार होतं. ‘माणूस सरळ आहे,’ एवढंच तुम्ही दादाच्या कानात म्हणालात. पुढचा सगळा दिवस तुम्ही त्या एका वाक्यावर कायम राहिलात, आणि माझ्या मते त्या दिवशीचं तुमचं सगळ्यात मोठं काम तेच होतं.

मग पिशवीतून पाच रुपयांचं जाड नाणं काढून तुम्ही माझ्या हातात दिलंत, दादाच्या नाही. ‘बाय, तू वाजव. भाऊ रंग बघतोय, त्याला ऐकू येणार नाही.’ नाळीपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, सुरुवात केली. टक, टक, टक, स्वच्छ कडक आवाज. फायबरचे थर एकमेकांना घट्ट धरून असले की असा आवाज येतो, थर सुटले की बद्द येतो, हे तुम्ही हळू आवाजात सांगत होतात. तळाला दोन-चार फोड दिसले. त्यातला एक नाखवांना विचारून तुम्ही टोचलात आणि मला वास घ्यायला लावलात. आंबूस, व्हिनेगरसारखा. जेलकोटमधून, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थरातून, पाणी आत मुरलं की रेझिनशी मिळून असे फोड धरतात. हे थोडे होते, घासून भरता येण्यासारखे. कडेला, जिथे होडी धक्क्याला घासते, तिथे एका जागेवरून फाकलेल्या बारीक चिरा होत्या. त्या वरवरच्या. नख फिरवून बघायचं, नख अडकलं तर चीर खोल.

आणि मग मागची फळी. मशीन अडकवतात ती. वरच्या बाजूला टक, टक. खालच्या बोल्टाजवळ आले तर आवाज एकदम बसला, ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. मी पुन्हा वाजवलं. तुम्ही काही बोलला नाहीत, मशीनचा पाय दोन्ही हातांनी धरून हलकेच वर-खाली रेटलात आणि मला फळीकडे बघायला खुणावलंत. फळी श्वास घेत होती. बाहेरून नवा रंग, चकचकीत, आणि आत प्लायवूड भिजलेलं.

इथवर कुठलाही चांगला कारागीर आला असता. पुढचं जे तुम्ही केलंत त्यासाठी हे पत्र आहे.

तुम्ही नाखवांना बाजूला बोलावलंत. आमच्यासमोर नाही. त्यांची परवानगी घेऊन खालचा बोल्ट काढलात, आणि भोकातून तपकिरी पाणी ओघळलं तेव्हा त्यांचा चेहरा मी लांबून पाहिला. त्यांना खरंच माहीत नव्हतं. बोल्टाच्या भोकात नीट सीलंट भरलेलं नव्हतं, तिथून पाणी मुरत गेलं, आणि फायबरच्या दोन थरांमध्ये बंद झालेलं लाकूड बाहेरून कधी दिसत नाही. तुम्ही परत येऊन दादाला म्हणालात, ‘फसवणूक नाही, फळी कुजली आहे. दोन्हींत फरक आहे.’ दादा तोवर घरी जायच्या तयारीत होता. जाहिरातीतलं ‘एकदम कंडिशनमध्ये’ त्याच्या डोक्यात बसलं होतं. त्याला वाटलं, आता या माणसाला चांगलं सुनवावं.

सुनवायला त्याला वावच मिळाला नाही, कारण तुम्ही मशीन उघडून बसला होतात. प्लग काढून दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, तुमच्या मीटरने मोजलंत. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे. दहा टक्क्यांहून जास्त तफावत असली की पुढे बोलायचंच नाही, असं तुम्ही म्हणालात. पाण्यातल्या पंख्याचा नट काढलात तर मागे दांड्याला तंगूस, मासेमारीचा नायलॉनचा दोरा, गुंडाळलेला. तोच तंगूस सील कापतो आणि गिअरमध्ये पाणी शिरतं. म्हणून खालचा स्क्रू सैल करून तेलाचे थेंब बोटावर घेतलेत. पाणी तेलाहून जड, शिरलं असेल तर आधी तेच बाहेर येतं, नाहीतर तेल दुधाळ होतं. तेल स्वच्छ होतं, चुराही नव्हता. टाकीतलं पेट्रोल मात्र बाटलीत ओतून उन्हात धरलंत तर तळाला वेगळा थर. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि खाडीकाठी हवेला पाण्याची कमी नाही. ते पेट्रोल फेकायला लावलंत.

आणि मग भाव ठरवायची वेळ आली तेव्हा तुम्ही आमच्याच देखत नाखवांना म्हणालात, ‘फळीचे पैसे कमी करा. मशीनचे एक रुपयाही करू नका, मशीन चांगलं ठेवलंय तुम्ही.’ दादाने माझ्याकडे असं पाहिलं की हा माणूस आपण आणला की त्यांनी! खरं सांगते काका, क्षणभर मलाही तसंच वाटलं. पण त्या एका वाक्याने नाखवांची मान वर झाली. फळी काढून नवी घालायला काय लागेल ते त्यांनी तुम्हालाच विचारलं, तुम्ही सांगितलेली रक्कम जशीच्या तशी वजा केली, वर नांगर, दोर आणि जास्तीची वल्ही न मागता दिली. घासाघीस अशी झालीच नाही. भावाचा आकडा इथे लिहीत नाही, नाखवांना आवडणार नाही.

गुडघे गेल्यामुळे ते होडी विकत होते, मुलगा कंपनीत, खाडीत पूर्वीसारखं म्हावरं नाही. हे त्यांनी तुम्हाला सांगितलं, आम्हाला नाही. त्यात महिना मे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मशीनच्या होड्यांना मासेमारी बंद, होडी वर ओढून ठेवायची, वर ताडपत्री, वर राखण. म्हणून मे महिन्यात अशा जाहिराती वाढतात आणि म्हणून घेणारे तेव्हाच पिळतात. तुम्ही आम्हाला पिळू दिलं नाहीत.

कागदांत तुम्ही फार वेळ घालवला नाहीत, पण एकही सोडला नाहीत. नोंदणीच्या दाखल्यावरचा ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होणारा क्रमांक होडीवर रंगवलेल्याशी ताडून पाहिलात, मशीनच्या क्लॅम्पवरच्या पट्टीचा नंबर बिलाशी. मच्छीमार सोसायटीचा नो ड्यूज, म्हणजे थकबाकी नसल्याचा दाखला, आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत, हेही तुम्हीच सांगितलंत, आणि नाखवांनी दोन दिवसांत आणून दिला.

दुपारी पाणी चढल्यावर पळवून पाहिली ते तर काय सांगू. गार मशीन दुसऱ्या ओढीला लागलं, मशीन गार ठेवणाऱ्या पाण्याची पिचकारी मागून सरळ आणि जोरात. फळी कच्ची म्हणून तुम्ही अर्ध्याच्या वर मशीन दिलं नाहीत. वाशीच्या पुलापर्यंत गेलो, खांबांजवळ पाणी ओढतं तिथे मुद्दाम आडवी घातलीत, आणि दादाच्या हातात मशीन वळवायचा दांडा दिलात. त्याचा राग तिथे कुठेतरी खाडीत पडला.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा पटली नव्हती. फळीचं काम तुम्हीच करा म्हणून आम्ही मागे लागलो, तर तुम्ही हात जोडलेत. ‘खोट मीच काढायची आणि काम पण मीच घ्यायचं, हे बरं दिसत नाही.’ बघण्याचे पैसे घेतले नाहीत ते नाहीतच, वर हक्काचं कामही दुसऱ्या कारागिराला दिलंत. नंतर विचार केला तेव्हा कळलं, की फळी कुजली आहे यावर नाखवांनी एका शब्दानेही वाद घातला नाही तो का. तुम्हाला त्यातून काही मिळणार नव्हतं, हे त्यांना दिसत होतं.

आता हालहवाल. तुम्ही पाठवलेल्या कारागिराने पावसाच्या आधी आतला थर कापून कुजकं लाकूड सगळं उकरून काढलं, कडक उन्हात वाळू दिलं आणि नवा मरीन प्लाय बसवला. बोल्टांच्या भोकांना या वेळी मी स्वतः उभी राहून सीलंट भरून घेतलं. नोंदणी दादाच्या नावावर झाली, परवानाही. बंदी उठल्यावर एका चांगल्या भरतीला वाशीचे पूल, मग ऐरोलीचा पूल करत होडी ठाण्याच्या कोपरीला आणली. दादा रोज जातो. बोय, चिंबोरी, कधी नशिबाने जिताडा.

पिचकारी मधे बारीक झाली होती. तार घालून भोक मोकळं केलं, मीठ निघालं, आता ठीक आहे. पण पंपाचा इम्पेलर, म्हणजे पाणी ओढणारा आतला पंखा, किती जुना ते नाखवांनाही आठवत नाही, तेव्हा तो बदलूनच टाकावा म्हणते. रबराचाच तर आहे. हे काम काही खोट काढण्यातलं नाही, त्यामुळे याचे पैसे तुम्हाला घ्यावे लागतील. भांगाच्या दिवसांत दादा घरी असतो, तेव्हाच या, आणि येताना काकींनाही आणा. आदल्या दिवशी फोन केलात तर जिताडा राखून ठेवते.

तुमची,
चेंदणीची बाय